कळव्यात शनिवारचं मोफत कायदा-मदत टेबल: वकील नसलेल्यांनी कुठवर जायचं?

विटावा_पूल
नमस्कार मंडळी. कळव्यातल्या एका वाचनालयाचा हॉल दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ मिळतोय. तिथे मोफत कायदा-मदत टेबल मांडायचं ठरलंय. माणसं आठ: लॉचे तीन विद्यार्थी, एक निवृत्त तलाठी, एक निवृत्त बँक अधिकारी, एक अंगणवाडी सेविका आणि दोन वकील. वकील आळीपाळीने येणार, म्हणजे एका शनिवारी एकच. लोक येतील ते कळवा, विटावा, खारेगाव, दिघा आणि थोडे ऐरोलीचे. अंदाजे विषय: नवरा-बायको, म्हातारे आईवडील, पगार बुडवणं, भाडेकरू, चेक बाउन्स, पोलिसांनी तक्रार न घेणं.

विचारायचं आहे ते असं. परवानगी कुणाची लागते? वकील नसलेल्या सहा जणांनी काय करावं आणि काय टाळावं? कोणते कागद, कोणती रजिस्टरं ठेवायची? आणि सगळ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीएलव्ही (पॅरालीगल व्हॉलंटियर, वकील नसलेला विधी स्वयंसेवक) म्हणून नाव द्यावं की स्वतंत्र राहावं? हेतू चांगला असूनही अशी टेबलं कुठे फसतात, तेही सांगा.

कोर्टनाका
माहिती द्यायला, अर्ज भरायला मदत करायला, कुणासोबत कार्यालयात जायला परवानगी लागत नाही. हॉलच्या विश्वस्तांचं संमतीपत्र मात्र लेखी घ्या, त्यात वार आणि वेळ असू द्या. विश्वस्त बदलले की हॉल जातो.

वकिलीची रेघ वकील कायदा १९६१ ने आखली आहे. कलम २९ आणि ३३ प्रमाणे वकिली फक्त नोंदणीकृत वकिलाची. कलम ४५ प्रमाणे बेकायदा वकिलीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तुमच्या सहा जणांसाठी याचा रोजचा अर्थ असा: कुणाच्या वतीने सही करायची नाही, कोर्टात बोलायला उभं राहायचं नाही, आणि टेबलाच्या लेटरहेडवर समोरच्या पक्षाला ‘सात दिवसांत पैसे द्या अन्यथा’ छापाची पत्रं पाठवायची नाहीत. माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने पत्र देत असेल तर ते नीट लिहून द्यायला हरकत नाही. वकिलाची नोटीस हवी असेल तर ती त्या दिवशीच्या वकिलाने स्वतःच्या जबाबदारीवर द्यावी.

बॅनरबद्दल. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे (नियम ३६). बॅनरवर त्या दोघांची नावं, फोटो, मोबाईल नंबर टाकू नका. ‘मोफत कायदेविषयक माहिती व अर्ज मदत, दर शनिवारी ५ ते ८’ एवढं पुरे. नगरसेवकाचा फोटो तर अजिबात नको, विरोधी गटाचा माणूस तिथे पाऊल टाकत नाही.

प्राधिकरणाशी ओळख मात्र पहिल्याच आठवड्यात करून घ्या. ठाण्याचं कार्यालय कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. तुमच्या टेबलावर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मोफत वकील मिळायचा हक्क असतो आणि त्यांना ते ठाऊक नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक, मानवी तस्करी, वेठबिगारी किंवा आपत्तीला बळी पडलेले. यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे.

इथे एक चूक सगळेच करतात. माणसाला सांगतात, ‘आधी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आण, मग बघू.’ तो सेतूच्या रांगेत पंधरा दिवस घालवतो आणि तोवर मुदत जाते. कलम १३(२) वाचा: अर्जदाराने उत्पन्नाबद्दल दिलेलं शपथपत्र पुरेसं मानता येतं, अविश्वासाला कारण नसेल तर. आणि बाई अर्जदार असेल तर उत्पन्न विचारायचंच नाही.

मोफत म्हणजे फक्त वकिलाची फी नव्हे. कोर्ट फी, समन्सचा खर्च, सही-शिक्क्याच्या नकला, टायपिंग, भाषांतर हे सगळं त्यात येतं. प्राधिकरणाने नेमून दिलेल्या (पॅनल) वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते, वकील बदलूनही मागता येतो. फौजदारी प्रकरणात आरोपीच्या बाजूने आता लोकअभिरक्षक कार्यालय पाहतं, तिकडे थेट पाठवा. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. हा आकडा भिंतीवर मोठा लिहून ठेवा, टेबल शनिवारीच असतं.

आवक_जावक
कागदांबद्दल सांगतो, कारण अशी टेबलं फसतात ती तिथेच.

दोन वह्या आणि एक छापील फॉर्म, बस. पहिली वही आवकची: अनुक्रमांक, तारीख, नाव, मोबाईल, विषय एका ओळीत, कोणी ऐकलं, पुढचं पाऊल, पुढची तारीख. दुसरी वही फक्त मुदतींची, तारखेनुसार पानं पाडलेली. शनिवारी टेबल उघडलं की चहाच्या आधी दुसऱ्या वहीची पुढच्या दोन आठवड्यांची पानं वाचायची.

फॉर्म ए-फोरच्या एका पानाचा, पाठपोट नको. सगळ्यात वर माणसाच्या नावाआधी समोरच्या पक्षाचं नाव. एकाच चाळीतला नवरा मागच्या शनिवारी येऊन गेलेला असतो आणि आज बायको येते. नाव शेवटी विचारलं तर तोवर तिने सगळं सांगून टाकलेलं असतं. नाव आधी विचारा, पहिल्या वहीत पाहा, जुळलं तर तिचं काही न ऐकता प्राधिकरणाचा पत्ता द्या. आणि तो आला होता हेही तिला सांगू नका. ‘हे प्रकरण आम्हाला घेता येत नाही’ एवढंच.

त्याखाली तारखा. गोष्ट नंतर ऐका, माणसं गोष्ट लग्नापासून सुरू करतात. पहिला प्रश्न हा: ‘शेवटचा कागद कधी हातात पडला?’ कागद बघायला मागा, पाकीटही मागा. पाकिटावरचा टपालाचा शिक्का हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो, आणि लोक पाकीट फेकून देतात.

ज्या मुदती टेबलावर पाठ हव्यात त्या अशा. चेक परत आल्याचा मेमो बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते सरल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार. दिवाणी दाव्याचं समन्स आलं असेल तर कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) ३० दिवसांत, न्यायालयाने वाढवली तरी सर्वसाधारण दाव्यात ९० पर्यंत. एकतर्फी हुकूम झाला असेल तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज ३० दिवसांत. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील ३० दिवस. ग्राहक तक्रार दोन वर्षं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार तीन महिने. मोटार अपघात भरपाईला २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, म्हणून अपघाताची तारीख आधी. माहिती अधिकाराचं पहिलं अपील ३० दिवस, दुसरं ९०.

चेकवाले लोक नेमके पस्तिसाव्या दिवशी येतात. तेव्हा घाबरवू नका, त्याच मिनिटाला वकिलाकडे बसवा. पैशाचा साधा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. चेकची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा भरूनही बघता येतं, मग नव्या मेमोपासून नवे ३० दिवस.

मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नका, एका रात्रीसाठीसुद्धा. समोरच झेरॉक्स किंवा फोटो, मूळ परत, आणि फॉर्मवर ‘मूळ कागद परत मिळाले’ या ओळीखाली त्यांची सही. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेणारा कुणी दिसला तर त्याला टेबलावरून उठवा, मग तो कितीही कामाचा माणूस असो.

टपालाचंही एक. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. जुन्या सवयीने लोक ‘आरपीएडी (पोचपावतीसह रजिस्टर्ड) कर’ सांगतात आणि खिडकीवर गोंधळ होतो. स्पीड पोस्टला नोंदणी आणि पोच या जोडसेवा मागून घ्यायच्या, आणि ट्रॅकिंगचा ‘वितरित’ दाखवणारा पडदा छापून ठेवायचा. तो पुढे साइटवर सापडत नाही.

खारघर_ते_कळवा
हद्दीबद्दल कुणी बोललं नाही अजून. तुमच्या जागेला हा प्रश्न दर शनिवारी येणार.

विटावा संपून दिघा लागला की पालिका बदलते: ठाण्याची संपते, नवी मुंबईची सुरू. पोलीस आयुक्तालयही बदलतं. कळवा पोलीस ठाणे ठाणे शहर आयुक्तालयात, रबाळे नवी मुंबईत. महसुली तालुका मात्र दोन्हीकडे ठाणेच. म्हणजे दिघ्याच्या माणसाची पोलीस तक्रार रबाळ्याला, फौजदारी प्रकरण बेलापूरच्या न्यायालयाकडे, आणि रेशन, उत्पन्न, जातीच्या दाखल्याला ठाण्याचा तहसीलदार.

पुढे खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे लोकांच्या बोलण्यात नवी मुंबई, आयुक्तालयही नवी मुंबईचंच. पण जिल्हा रायगड. तिथल्या विधी मदतीसाठी पनवेलची तालुका समिती आणि अलिबागचं जिल्हा प्राधिकरण. खारघरच्या माणसाला तुम्ही ठाण्याला पाठवलंत तर त्याचा दिवस वाया. उलट बाजूला मीरा-भाईंदर: जिल्हा ठाणे, पण २०२० पासून आयुक्तालय मीरा-भाईंदर, वसई-विरारचं.

दोन अपवाद पाठ ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात (२००५) कलम २७ प्रमाणे बाई जिथे राहते, तात्पुरती का असेना, तिथे अर्ज चालतो. खारघरच्या सासरहून कळव्याच्या माहेरी आलेलीला पनवेलला हेलपाटे नकोत. दुसरा, शून्य एफआयआर: दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याला घ्यावी लागते, हद्द असो नसो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, १ जुलै २०२४ पासून.

कोर्टनाका
१७३ चा उल्लेख झाला म्हणून पुढचं पाऊलही सांगतो. ‘पोलीस घेत नाहीत’ म्हणून येणाऱ्याला आधी विचारा: तोंडी सांगितलं होतं की लेखी दिलं? दहापैकी आठ वेळा तोंडी. मग तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय केलं, साक्षीदार एवढ्याच क्रमाने दीड पानाचा अर्ज, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा आवक शिक्का. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने ठाण्याला आणि एक प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना. १७३(४) मध्ये हेच आहे: वरिष्ठांना लेखी, टपालाने. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, त्याला शपथपत्र लागतं, आणि ते काम वकिलाचं.

अर्जात विशेषणं नकोत. ‘त्या नराधमाने अमानुषपणे’ लिहून आणतात. ‘उजव्या हाताच्या मनगटावर लाकडी दांडक्याने दोनदा मारले, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात केस पेपर काढला’ असं लिहा. केस पेपरचा क्रमांक टाका.

एनसी (अदखलपात्र नोंद) मिळाली म्हणजे तक्रार घेतली असं लोक समजतात. अदखलपात्र नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, हे टेबलावर स्पष्ट सांगा.

माहेरवाट
घरगुती हिंसेच्या प्रकरणांसाठी टेबल हॉलच्या मधोमध नको. कोपऱ्यात, पाठ दाराकडे येणार नाही अशी खुर्ची, आणि ऐकणारी एकच बाई. एकदा अंगणवाडीताईंना सांगायचं, मग विद्यार्थ्याला, मग वकिलाला, असं तिसऱ्यांदा सांगताना तारखा बदलतात, आणि तेच पुढे उलटतपासात निघतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने नीट लिहायचं, बाकीच्यांनी ते वाचायचं.

मोबाईल नंबर लिहिताना विचारा: ‘या नंबरवर फोन केला तर कोण उचलतं?’ घरातला एकच फोन असेल तर फोन करायचा नाही, मेसेज तर नाहीच. तिने कधी आणि कुठून फोन करायचा ते ठरवून द्या. फॉर्मची प्रत घरी नेऊ नका म्हणावं, झेरॉक्स माहेरी किंवा शेजारणीकडे.

रीत अशी. संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरतात (नियमांतला नमुना १) आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत लावावी असं कायदा म्हणतो, अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असंही म्हणतो. प्रत्यक्षात ६० दिवसांवर विसंबू नका, म्हणून अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायला वकिलांना आठवण करा. राहण्याचा हक्क (कलम १९) लोक विसरतात आणि फक्त पोटगी मागतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला हक्कच नाही असं कुणी टेबलावर ठोकून देऊ नये, तो प्रश्न वकिलाचा.

तुम्ही करू शकता ते काम, आणि ते फार मोलाचं: स्त्रीधनाची यादी. वस्तू, अंदाजे वजन, कुणी दिली, लग्नाच्या कोणत्या फोटोत दिसते, आता कुठे आहे. आणि उत्पन्नाचे कागद. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश वि. नेहा प्रकरणात घालून दिलंय. मुलांची फी, घरभाडं, औषधं यांच्या पावत्या महिन्यावार लावून दिल्यात तर वकिलाचे दोन तास वाचतात.

कोर्ट फी भरायला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्या बाया येतात. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने.

आणि ‘समेट करून टाकू’ हा टेबलावरच्या ज्येष्ठांचा आवडता छंद. निवृत्त मंडळींना आधीच सांगून ठेवा. मारहाण होत असेल तर नवऱ्याला हॉलवर बोलवायचं नाही. तो येतो, शांत बसतो, आणि घरी गेल्यावर त्याचा हिशेब तिला द्यावा लागतो. लगेच धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

शेवटचा मुद्दा अवघड आहे. बोलण्यात अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती आली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. म्हणून ‘हे आपल्या दोघींतच राहील, कुणाला सांगणार नाही’ असं वचन कुठल्याच बाईला सुरुवातीला देऊ नका. ‘मूल धोक्यात असेल तर मला कळवावं लागेल, बाकी इथून बाहेर जात नाही’ असं आधी सांगा, मग ऐका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावून दिलंय आणि ती गरोदर आहे, हेही त्यात येतं. ती पोटगीचं विचारायला आलेली असते.

विटावा_पूल
सगळ्यांचे आभार, फॉर्मचा मसुदा आज बदलतो. तीन उपप्रश्न. एक, आम्ही नोंदी गुगल शीटवर ठेवणार होतो आणि वकिलांसाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप, ते चालेल? दोन, भाडेकरू-मालक, शेजारी असे छोटे वाद दोघांना समोरासमोर बसवून मिटवले आणि कागद केला तर त्याला काही किंमत असते का? तीन, म्हाताऱ्या आईवडिलांच्या अर्जात वकील नसलेल्यांना खरंच काही करता येतं का?

शाई_डाग
पहिल्याचं उत्तर: ग्रुपवर नाव, पत्ता, फोटो काहीच नको. ‘अ.क्र. ४७, कैफियतीची मुदत १२ तारीख’ एवढंच. नाव वहीत, वही कपाटात, किल्ली एकाकडे.

कारण नीट समजून घ्या. वकील-पक्षकार संवादाला भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ चं संरक्षण आहे आणि ते वकिलाचे दुभाषे, कारकून, कर्मचारी यांनाही मिळतं. वकिलाशी असा संबंध नसलेल्या स्वयंसेवकाला मिळत नाही, त्याला साक्षीला बोलावून विचारता येतं. म्हणून कबुलीसारखं काही निघायला लागलं (‘खरं सांगू का, मारलं मीच होतं’) की तिथेच थांबवा आणि वकिलाच्या खुर्चीकडे न्या. फॉर्मवर ते लिहू नका.

फोनमधल्या पुराव्याचं. लोक व्हिडिओ तुमच्या फोनवर फॉरवर्ड करतात आणि जागा नाही म्हणून स्वतःच्या फोनमधून उडवतात. फॉरवर्ड केलेली फाइल दाबलेली असते, मूळ गेली की गेली. त्यांना सांगा: मूळ फोन जपा, विकू नका, रीसेट करू नका, चॅट उडवू नका. त्याच अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, अनुसूचीत त्याचा नमुना आहे: भाग अ पुरावा देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा). तुम्ही फक्त फोनचं मॉडेल, आयएमईआय, फाइलचं नाव आणि तारीख फॉर्मवर टिपून ठेवा.

लोकअदालत_वारी
दुसऱ्याचं. हॉलवर केलेला कागद हा दोघांतला करार, त्याहून जास्त काही नाही. एकाने मोडला की दुसऱ्याला पुन्हा दावाच करावा लागतो. तोच वाद दाखलपूर्व (दावा दाखल होण्याआधीचं) प्रकरण म्हणून प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत नेला आणि तिथे तडजोड झाली, तर तो निवाडा विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका, त्याची अंमलबजावणी थेट मागता येते. फी लागत नाही. दावा आधीच दाखल असेल आणि लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

पण तोच निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हे लोकांना आधी सांगा आणि सही करण्यापूर्वी मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. दिघा-विटाव्याला हिंदी, भोजपुरी बोलणारे पुष्कळ आहेत, मराठी टंकलेखनाखाली ते नुसता अंगठा उठवतात. रक्कम, हप्ते, तारखा, हप्ता चुकला तर काय, चार ओळी, मोठ्याने वाचून. बिनतडजोडीचे गुन्हे लोकअदालतीत जात नाहीत.

वीज, पाणी, विमा, टपाल, दवाखाना, प्रवासी वाहतूक असल्या सार्वजनिक सेवांचा वाद असेल तर कायम लोकअदालत वेगळी असते (कलम २२-ब, मर्यादा एक कोटी). तिचा फरक असा की तडजोड नाही झाली तर ती स्वतः निकाल देऊ शकते. वाढीव वीजबिलाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना हे फार कमी जण सांगतात.

तलाठी_सजा
तिसऱ्याचं उत्तर होय, आणि वकील नसलेल्या टेबलाचं सगळ्यात चोख काम इथेच होतं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७. न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी. अर्ज साध्या कागदावर, कलम १७ प्रमाणे तिथे वकिलाने उभं राहायची गरज ठेवलेलीच नाही. कलम ५ प्रमाणे ज्येष्ठाला स्वतः येणं जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. मात्र संस्था म्हणजे नोंदणीकृत संस्था. तुमचं टेबल नोंदणीकृत नसेल तर टेबलाच्या नावाने अर्ज फेटाळला जाईल, एका स्वयंसेवकाच्या नावाने अधिकारपत्र करा.

अर्जाला लागतं ते: वयाचा पुरावा, मुलांची नावं-पत्ते-नोकरीची ठिकाणं (सगळ्या मुलांची, एकालाच पक्षकार केलं तर तो बाकीच्यांची नावं सांगून वेळ काढतो), मासिक खर्चाचा तक्ता औषधांच्या बिलांसह, बँक पासबुकाची सहा महिन्यांची पानं. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० आहे, पंचवीस हजार मागून उगाच आशा लावू नका. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, अपील ६० दिवसांत.

घर मुलाच्या नावावर करून दिलंय आणि आता तो बघत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त येते. कलम २३ (सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याचं) लगेच सांगून टाकू नका. आधी बक्षीसपत्र मागवा आणि ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ अशी ओळ त्यात आहे का ते शोधा. असेल तर प्रकरण बळकट. नसेल तर वकिलाला दाखवा. दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढायला दस्त क्रमांक आणि वर्ष लागतं, ते सोसायटीच्या फाइलमध्ये बहुधा सापडतं.

एक राहिलं. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या शपथपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, तरी बाहेरचे टायपिस्ट पाचशेचा लावायला सांगतात. साध्या कागदावर करा.

आवक_जावक
पीएलव्हीचा मुद्दा राहिला. माझं मत: आठांपैकी तिघांनी नाव द्यावं, सगळ्यांनी नको. योजनेत लॉचे विद्यार्थी (सनद घेईपर्यंत), निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका हे गट आहेतच. निवड, प्रशिक्षण, ओळखपत्र असा क्रम असतो, आणि ओळखपत्र असेल तर पोलीस ठाण्यात, कारागृहात दार उघडतं. पण पीएलव्हीला प्राधिकरण नेमेल तिथे जावं लागतं, आणि तो शनिवार असेल तर तुमचं टेबल रिकामं.

कोर्टनाका
इथे मतभेद आहे. तिघे नको, वकील नसलेल्या सहांपैकी पाच द्या, एक विद्यार्थी सोडून. ठाणे मध्यवर्ती कारागृहातल्या कच्च्या कैद्यांचे नातेवाईक तुमच्याकडे येणारच, आणि आत काय चाललंय ते पीएलव्हीशिवाय कळत नाही. त्या नातेवाइकांना दोन तारखा विचारायच्या: अटक कधी आणि पहिला रिमांड कधी. आरोपपत्र गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो. दिवस मोजताना रिमांडचा पहिला दिवस धरायचा. आरोपपत्र दाखल झालं की तो हक्क संपतो, म्हणून अर्ज त्याच दिवशी. आणि पहिल्यांदाच अडकलेला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर सुटकेचा विचार होतो, इतरांना निम्मा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही, एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरी नाही.

प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (सोळा अक्षर-अंकी, ठाण्याचा ‘एमएचटीएच’ने सुरू होतो) मिळवा आणि ई-कोर्ट ॲपवर पुढची तारीख त्यांच्यासमोर दाखवा. दर तारखेला दोनशे रुपये घेऊन ‘तारीख सांगणारे’ लोक कोर्टाबाहेर असतात, त्यांचा धंदा तेवढ्यावरच चालतो.

विटावा_पूल
पाच जणांचे अर्ज सोमवारी कोर्ट नाक्यावर नेतो. तीन तासांत किती प्रकरणं घ्यावीत?

आवक_जावक
एका वकिलावर नऊ, फार तर दहा. पावणेआठला चिठ्ठ्या बंद. उरलेल्यांकडून फक्त कागदावरची तारीख बघून घ्या, मुदत पुढच्या शनिवारच्या आत येत असेल त्यालाच थांबवा.